रोहिणीच्या काठापासून उल्हासच्या काठापर्यंत : हवामानाच्या वाटाघाटीत स्त्रीचे आसन

पाण्यावरून पेटलेला एक वाद आणि त्या वादाचा निकाल करणारी एक सभा यांपासून आपल्या धम्माच्या इतिहासाला वळण लागले, हे या विद्यालयाच्या छत्राखाली शिकणारा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण वृद्ध, रोगी आणि मृत माणसाच्या दर्शनात शोधले नाही. त्यांनी ते रोहिणी नदीच्या पाण्यात शोधले. शाक्य आणि कोलीय या दोन गणराज्यांच्या सीमेवरून वाहणारी ही नदी दोघांच्याही शेतांना पाणी देत असे. प्रथम पाणी कोणी घ्यावे आणि किती घ्यावे, यावरून दरवर्षी तंटे होत. अखेरीस सेनापतीने संघाची सभा बोलावली आणि युद्धाचा प्रस्ताव मांडला. सिद्धार्थाने चौकशीची व लवादाची सूचना केली. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी निर्णय द्यावा, अशी ती सूचना होती. मतदान झाले आणि ती सूचना प्रचंड बहुमताने फेटाळली गेली.

या प्रसंगातून सिद्धार्थाचे धैर्य आपण अनेकदा सांगितले आहे. आज आम्ही वाचकांचे लक्ष त्यातील दुसऱ्या एका गोष्टीकडे वेधू इच्छितो. वयाची वीस वर्षे पूर्ण केलेल्या शाक्य तरुणांना त्या संघाचे सभासदत्व मिळत असे. गौतमी त्या सभेत नव्हती, यशोधराही नव्हती. ज्यांचे पुत्र आणि पती रणांगणावर जाणार होते, ज्यांच्या घरातील धान्य त्या पाण्यावर पिकत होते, त्यांना सभेचा निर्णय घरी बसून कळला. निर्णय जितका त्यांच्या आयुष्याचा होता, तितका तो सभेत हात वर करणाऱ्या अनेकांच्या आयुष्याचाही नसेल.

आज अवघ्या पृथ्वीच्या वातावरणाची रोहिणी झाली आहे. कोणी किती कोळसा व तेल जाळावे, ज्यांनी अधिक जाळले त्यांनी किती भरपाई द्यावी, पूर व दुष्काळ यांनी उद्ध्वस्त झालेल्यांना पुन्हा उभे कोणी करावे, यांवर दरवर्षी जगातील राष्ट्रांची सभा भरते. त्या सभेतही गौतमीचे आसन अपुरेच आहे. ते पूर्ण असावे, आणि त्या आसनावर आमच्या उल्हास-वालधुनीच्या काठी राहणाऱ्या स्त्रीचा शब्द पोहोचावा, ही मागणी आम्ही या स्मरणिकेच्या पानांतून मांडत आहोत.

सभा आणि तिची आसने

१९९२ साली रिओ येथे वसुंधरा परिषद झाली आणि हवामान बदलाविषयीचा आंतरराष्ट्रीय आराखडा करार जगापुढे आला. त्याच काळात झालेल्या जैवविविधता कराराच्या प्रस्तावनेत स्त्रियांच्या महत्त्वाच्या भूमिकेचा उल्लेख आहे. हवामान कराराच्या मूळ संहितेत मात्र स्त्री हा शब्दही आढळत नाही. जणू तापणाऱ्या पृथ्वीवर राहतात ती केवळ राष्ट्रे, माणसे नव्हेतच!

पुढे ही उणीव हळूहळू भरून काढण्याचा प्रयत्न झाला. २००१ साली मराकेश येथील परिषदेने कराराच्या समित्यांमध्ये स्त्रियांचा सहभाग वाढवावा असा ठराव केला. स्त्रियांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे दार ठोठावल्यावर २०११ मध्ये त्यांच्या गटाला निरीक्षक म्हणून पूर्ण मान्यता मिळाली. २०१२ साली दोहा येथे स्त्री-पुरुष समतोलाचे उद्दिष्ट स्वीकारले गेले. २०१४ साली लिमा येथे लिंगभावविषयक कार्यक्रम आखला गेला. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत लिंगभाव समानता आणि स्त्रियांचे सक्षमीकरण हे शब्द आले. २०१७ साली बॉन येथे पहिला लिंगभाव कृती आराखडा संमत झाला. २०२४ च्या बाकू परिषदेने लिमा कार्यक्रमास आणखी दहा वर्षांची मुदत दिली, तर २०२५ साली ब्राझीलमधील बेलेम येथे नवा कृती आराखडा स्वीकारला गेला. त्या वेळीही ‘लिंगभाव’ या शब्दाच्या अर्थावरून काही देशांनी आक्षेपाच्या तळटीपा जोडण्याचा आग्रह धरलाच.

ठरावांची ही माळ लांबलचक आहे. आसनांची गणती मात्र वेगळेच सांगते. राष्ट्रांच्या शिष्टमंडळांत स्त्रियांचे प्रमाण २००८ साली सुमारे ३१ टक्के होते. २०२३ च्या दुबई परिषदेत ते सुमारे ३४ टक्के होते. पंधरा वर्षांत वाढ झाली ती तीन टक्क्यांची! त्याच दुबई परिषदेत भाषणे करणाऱ्या सव्वाशेहून अधिक राष्ट्रनेत्यांमध्ये स्त्रिया केवळ १५ होत्या. जानेवारी २०२४ मध्ये बाकू परिषदेची संयोजन समिती जाहीर झाली, तेव्हा तिच्या २८ सदस्यांमध्ये एकही स्त्री नव्हती. जगभरातून टीका झाल्यावर काही दिवसांतच १२ स्त्रियांची नावे त्या यादीत घालण्यात आली. जी नावे टीकेनंतर काही दिवसांत सापडू शकतात, ती टीकेपूर्वी का सापडत नाहीत, हा प्रश्न आम्हांस पडतो. योग्य स्त्रिया नाहीत हे कारण यापुढे कोणी सांगू नये.

नदीकाठचा हिशेब

कोणी विचारील, बाकू आणि बेलेम कोठे, आणि आपले अंबरनाथ-बदलापूर कोठे? त्या परिषदांचे येथे काय? या प्रश्नाचे उत्तर आमच्या अंगणातून वाहते आहे.

सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी कर्जतवरून बदलापुरास येते आणि कल्याणच्या बाजूने खाडीकडे जाते. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत विस्थापितांनी वसविलेले उल्हासनगर हे तिचेच नाव मिरविते. अंबरनाथच्या डोंगरातून निघणारी वालधुनी शके ९८२ मधील प्राचीन शिवमंदिराला वळसा घालते, उल्हासनगरच्या दाट वस्तीतून जाते आणि पुढे उल्हासला मिळते. शतकानुशतके या नद्यांनी माणसे पोसली. आज एकीकडे कारखान्यांचे सांडपाणी आणि दुसरीकडे अवेळी, अमाप कोसळणारा पाऊस, अशा दुहेरी कात्रीत त्या सापडल्या आहेत. २०१४ च्या अखेरीस वालधुनीत कोणीतरी रसायनांचा टँकर रिकामा केला, तेव्हा उल्हासनगरातील शेकडो लोकांना श्वास कोंडल्यामुळे रुग्णालयात न्यावे लागले होते. अशी नदी जेव्हा पात्र सोडून घरात शिरते, तेव्हा ती केवळ पाणी आणीत नाही.

२६ जुलै २००५ चा प्रलय या तिन्ही शहरांतील वडीलधाऱ्यांना आठवतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीने पुन्हा रूप दाखविले. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि परिसरातील ग्रामस्थ यांनी सुखरूप बाहेर काढले. त्या प्रवाशांमध्ये नऊ गर्भवती स्त्रिया होत्या. अन्न नाही, शौचालय वापरण्याजोगे नाही, खाली उतरावे तर चोहीकडे पाणी, अशा अवस्थेत त्या कित्येक तास त्या डब्यांत होत्या. पूर सर्वांसाठी एकच असतो हे म्हणणे किती वरवरचे आहे, हे त्या नऊ स्त्रियांच्या अवस्थेवरून कळावे.

पूर ओसरल्यावर दुसरा पूर सुरू होतो, तो कामाचा. घरातील चिखल काढणे, भिजलेले धान्य निवडणे, अंथरुणे वाळविणे, तापाने फणफणलेल्या मुलांना सांभाळणे आणि नळ बंद पडला असेल तर टँकरपुढे हंडा घेऊन उभे राहणे, ही सगळी कामे कोणाच्या वाट्याला येतात हे सांगावयास नको. उल्हासनगरात घराघरांतून पापड लाटणाऱ्या भगिनी आहेत. जीन्सच्या कपड्यांचे धागे कापून नगावर मजुरी मिळविणाऱ्या आहेत. पापडाला ऊन लागते. अवेळी आभाळ भरून आले की वाळवण उचलावे लागते, आणि ते भिजले तर मजुरी बुडते. घरात पाणी शिरले तर ठेकेदाराचा माल भिजतो आणि त्याची भरपाई करणाऱ्या बाईच्या मजुरीतूनच होते.

आता पंचनामा कसा होतो तो पाहा. भिंत किती पडली, भांडीकुंडी किती वाहून गेली, दुकानातील माल किती नासला, याची नोंद होते आणि ती बहुधा कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाच्या नावे होते. बुडालेली नगावरची मजुरी, रांगेत गेलेले दिवस, लहान भावंडांना सांभाळण्यासाठी शाळा बुडविलेल्या मुलीचा महिना, यांसाठी पंचनाम्यात रकाना नसतो. जे मोजले जात नाही ते मागता येत नाही, आणि जे मागता येत नाही ते मिळत नाही.

नेमकी हीच गोष्ट आंतरराष्ट्रीय पातळीवर घडते. २०२२ साली शर्म अल-शेख येथे गरीब देशांच्या दीर्घ मागणीनंतर ‘हानी व नुकसान निधी’ स्थापण्याचा निर्णय झाला आणि पुढील वर्षी दुबईत तो कार्यान्वित करण्याचे ठरले. हानी म्हणजे काय, नुकसान कोणते धरावयाचे, पैसा कोणाच्या हाती द्यावयाचा, हे प्रश्न त्या निधीच्या नियमांतूनच सुटणार आहेत. नियम लिहिणाऱ्यांमध्ये जिने कधी चिखल उपसला आहे, रांगेत हंडा लावला आहे, तिची बाजू मांडणारे कोणी नसेल, तर आमच्या पंचनाम्यातला गाळलेला रकाना जगाच्या पंचनाम्यातूनही गाळला जाईल.

दुष्काळाची किंमत कोणी दिली?

ही गोष्ट पुरापुरती नाही. मुलांना शिक्षणासाठी निवासी शाळेत ठेवण्याची वेळ ज्या कारणांनी येते, त्यांत आई-वडिलांचे हंगामी स्थलांतर हे एक मोठे कारण आहे. मराठवाड्यातील पाऊस लहरी झाला, विहिरी आटल्या, की कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दिवस बुडाला की मुकादमाचा दंड बसतो. पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, फडात शौचालय नाही, पाणी नाही. या जाचातून सुटण्यासाठी बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांनी तरुण वयात गर्भाशये काढून टाकल्याचे २०१९ साली महाराष्ट्रासमोर आले. शासनाने नेमलेल्या समितीने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी केली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले.

याला केवळ दुष्काळ जबाबदार आहे असे आम्ही म्हणत नाही. मुकादमाची उचल, खासगी रुग्णालयांची हाव, शासनाची अनास्था आणि जातीने ठरविलेली भूमिहीनता यांचा त्यात हात आहे. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत मानणारे आम्ही एका दुःखाचे एकच कारण शोधत नाही. कारणांची साखळी पाहतो. त्या साखळीतील एक कडी तापत चाललेल्या वातावरणाची आहे, आणि ती कडी आमच्या ऊसतोड भगिनीने घडविलेली नाही. जिने आयुष्यात मोटार विकत घेतली नाही, तिच्या देहातून दुष्काळाची वसुली झाली. हे नुकसान कोणत्या निधीच्या कोणत्या रकान्यात लिहावयाचे?

प्रतिनिधित्वाचा धडा

ज्याचे दुःख त्याने सांगावे, हा विचार आम्हांस नवा नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे तरुण भीमराव आंबेडकरांनी हेच मांडले होते. एखाद्या वर्गाचे मत दुसऱ्या कोणी मांडले म्हणजे त्या वर्गाला प्रतिनिधित्व मिळाले असे होत नाही. त्या वर्गातील माणसे प्रत्यक्ष तेथे असली पाहिजेत, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन अस्पृश्यांची बाजू घेऊन लंडनला गेले, ते याच न्यायाने. त्या पहिल्या गोलमेज परिषदेत भारतातील स्त्रियांच्या वतीने राधाबाई सुब्बरायन आणि बेगम शाहनवाज या दोघीच होत्या, हेही येथे नोंदवावे.

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जे घडले, ते पाणी पिण्यापुरते नव्हते. सार्वजनिक गोष्टीवर सर्वांचा समान अधिकार आहे, हे त्या ओंजळीने जगाला सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले, कारण हा लढा स्त्रियांवाचून अपुरा राहील हे ते जाणत होते. ज्या महाडमध्ये पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क आम्ही मिळविला, तेच महाड जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराखाली गेले, आणि त्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पाण्याचा प्रश्न संपला नाही. त्याचे रूप बदलले. तेव्हा तळे सार्वजनिक होते, आज वातावरण सार्वजनिक आहे. तेव्हाचा न्याय आजही लागू आहे.

आणि धम्माच्या इतिहासातही हाच धडा आहे. घरी बसून शाक्य संघाचा निर्णय ऐकणारी गौतमी आयुष्यभर घरीच बसून राहिली नाही. कपिलवस्तूत तिने संघप्रवेशाची विनंती केली, ती मान्य झाली नाही. मग ती शाक्य स्त्रियांसह अनवाणी चालत वैशालीला गेली आणि सुजलेल्या, धुळीने माखलेल्या पायांनी दाराशी उभी राहिली. आनंदाने तिची बाजू मांडली. स्त्रीदेखील धम्मातील सर्वोच्च पद प्राप्त करू शकते हे तथागतांनी मान्य केले आणि द्वार उघडले. त्या भिक्षुणींचे उद्गार आज ‘थेरीगाथा’ म्हणून आपणांस लाभले आहेत. द्वार बंद राहिले असते, तर जगाच्या वाङ्मयातील स्त्रियांचा तो प्राचीन स्वर आपण ऐकला नसता.

आक्षेपांचा विचार

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार न करता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप असा, की खरा संघर्ष श्रीमंत व गरीब राष्ट्रांचा आहे. ज्यांनी दोन शतके धूर सोडला त्यांच्याकडून न्याय मागावयाचा असताना घरातील स्त्री-पुरुषांचा प्रश्न काढल्याने देशाची बाजू दुबळी होते. हा आक्षेप आम्ही पूर्वी ऐकला आहे. आधी स्वराज्य, मग सामाजिक प्रश्न, असे बाबासाहेबांनाही सांगितले गेले होते. गोलमेज परिषदेत त्यांनी ब्रिटिश सत्तेवरही कठोर टीका केली आणि येणाऱ्या स्वराज्यात अस्पृश्यांचे स्थान काय, हेही विचारले. दोन्ही मागण्या एकाच न्यायाच्या होत्या. भारत जगाला म्हणतो, ज्याने कमी बिघडविले त्याने अधिक सोसावे हे अन्यायाचे आहे. हेच वाक्य आमच्या घरातील स्त्री उच्चारते तेव्हा ते खोटे कसे ठरेल? तिला सोबत घेऊन गेलेल्या देशाचा युक्तिवाद अधिक बळकट होतो.

दुसरा आक्षेप असा, की आसन दिल्याने आवाज मिळत नाही. याचा अनुभव आपल्याकडे आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली ते प्रमाण निम्म्यावर नेले. म्हणजे उल्हासनगर महानगरपालिकेत आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांत स्त्रियांसाठी जितके आसन कायद्याने राखलेले आहे, तितके जगाच्या हवामान सभेत अद्याप प्रत्यक्षात आलेले नाही. परंतु सही बाईंची आणि कारभार नवऱ्याचा, हे चित्रही आपण पाहिले आहे. त्यावरून आरक्षण व्यर्थ आहे असे अनुमान काढणे चूक होय. पहिल्यांदा निवडून आलेली भगिनी गप्प बसते, दुसऱ्या वेळी ती नळाच्या वेळापत्रकावर प्रश्न विचारते. आसनाशिवाय आवाज येत नाही. आसनानंतर आवाजासाठी झटावे लागते.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आमच्याच समाजाचा आहे. स्त्रियांचे प्रमाण वाढले तरी तेथे जाणार कोण? मोठ्या शहरांतील, उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या, सुस्थितीतील घरांच्या स्त्रियाच ना? पुराच्या वेळी नदीच्या पूररेषेत कोणाची वस्ती असते, सार्वजनिक नळावर शेवटी कोणाचा हंडा लागतो, हे जातीने ठरते. स्त्री म्हणून सर्व स्त्रियांचे दुःख एकसारखे नाही. ही शंका रास्त आहे. म्हणूनच आमची मागणी नुसत्या संख्येची नाही. त्या संख्येत दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त, कष्टकरी स्त्रिया असाव्यात, ही आहे.

अधिकार मिळाल्यावर काय घडते

स्त्रियांना निर्णयाचा अधिकार दिला तर काय घडते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद परिसरात प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने शेतकरी स्त्रियांसमोर एक साधा मार्ग ठेवला. घरच्या जमिनीतील एक एकर बाईने स्वतःच्या निर्णयाने कसावी. त्या एकरावर तिने नगदी पिकाऐवजी कडधान्य, तृणधान्य, भाजीपाला लावला, सेंद्रिय खत वापरले, थोडक्या पाण्यात भागविले. दुष्काळाच्या वर्षी कापूस-सोयाबीन हातचे गेले तरी त्या एकराने घराला खाऊ घातले. संस्थेच्या कार्याला संयुक्त राष्ट्रांचे पुरस्कार लाभले. आनंद आहे. परंतु पुरस्कार घेण्यासाठी व्यासपीठावर बोलाविणे आणि नियम लिहिण्यासाठी मेजाशी बसविणे यांत अंतर आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात राजस्थान, गुजरात व महाराष्ट्रातील ‘सेवा’ या असंघटित स्त्री-कामगारांच्या संघटनेच्या हजारो सभासदांना उष्णतेच्या विम्याची रक्कम मिळाली. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की नुकसानीचा पुरावा न मागता पैसे थेट खात्यात जमा होतात. उन्हात बुडालेल्या मजुरीला असा रकाना मिळाला, कारण उन्हात काम करणाऱ्या स्त्रिया संघटित होत्या आणि त्यांचे ऐकून घेतले गेले. शेजारच्या बांगलादेशात १९९१ च्या चक्रीवादळात पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक स्त्रिया मृत्युमुखी पडल्या होत्या. धोक्याची सूचना पुरुषांच्या बैठकीपर्यंत पोहोचली, घरापर्यंत नाही. आणि गर्दीच्या निवाऱ्यात जाण्याचा संकोचही आड आला. पुढे तेथे स्वयंसेवक म्हणून स्त्रिया मोठ्या संख्येने घेतल्या गेल्या, निवाऱ्यांत स्त्रियांची वेगळी सोय झाली, आणि जीवितहानी पुष्कळ घटली. स्त्रियांच्या सहभागाने केवळ स्त्रियाच वाचतात असे नाही. घरेच्या घरे वाचतात.

आमच्या मागण्या

म्हणून आम्ही असे म्हणतो, की भारताच्या शिष्टमंडळात, वाटाघाटी करणाऱ्या चमूत, निम्म्या स्त्रिया असाव्यात. समारंभापुरत्या निमंत्रितांत त्यांची गणना करून प्रमाण भरू नये. त्या शिष्टमंडळात नगरपरिषदांच्या सदस्या, बचत गटांच्या कार्यकर्त्या, शेतमजूर व सफाई कामगार स्त्रियांच्या संघटनांच्या प्रतिनिधी असाव्यात आणि त्यांना आपल्या भाषेत बोलता यावे यासाठी दुभाषे द्यावेत. भाषा येत नाही हे कारण सांगून माणसाला सभेबाहेर ठेवण्याचा काळ मागे पडला पाहिजे. प्रवासखर्चाची अडचण सांगितली जाते. परंतु गरीब देशांतील स्त्री-प्रतिनिधींना मदत करणारा एक निधी २००९ पासून काम करीत आहे. आपले शासनही तसे करू शकते.

हानी व नुकसान निधीच्या नियमांत घरातील बिनमोल श्रम, नगावरची मजुरी, आरोग्याची हानी आणि बुडालेले शिक्षण यांची नोंद करण्याची तरतूद भारताने आग्रहाने मागावी. आणि ती मागणी जगाकडे करण्याआधी आपल्या पंचनाम्यात ती अमलात आणावी. पुढच्या पावसाळ्यात उल्हासला पूर आला, तर तलाठ्याच्या कागदावर घरातील स्त्रीचे नाव, तिचे काम आणि तिचे नुकसान वेगळे लिहिले जावे. हे करण्यासाठी कोणत्याही आंतरराष्ट्रीय ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही.

शेवटची मागणी आम्ही स्वतःकडे, म्हणजे या विद्यालयाच्या परिवाराकडे करतो. शिष्टमंडळातील आसने एका रात्रीत भरत नाहीत. ती शाळेच्या बाकावरून भरत जातात. आपल्या मुलींना विज्ञान, भूगोल, कायदा आणि इंग्रजी यांचे शिक्षण मिळावे, हे तर आहेच. त्याखेरीज दरवर्षी विद्यालयात ‘उल्हासची सभा’ भरविली जावी असे आम्ही सुचवितो. कोणी कर्जतचा शेतकरी व्हावे, कोणी औद्योगिक वसाहतीचा कारखानदार, कोणी बदलापूरच्या सोसायटीची अध्यक्षा, कोणी वालधुनीकाठची पापड लाटणारी आई. पाण्याची वाटणी व प्रदूषणाची भरपाई यांवर त्यांनी खरोखरच्या वाटाघाटी कराव्यात, चर्चा करून ठराव लिहावा. नियम एकच असावा. ज्या घरात पाणी भरण्याचे काम जी करते, तिने प्रथम बोलावे. मुलांनाही या सभेचा लाभ होईल, कारण पुढे घरात व सभागृहात ऐकून घेण्याची सवय त्यांना याच वयात लागेल. वैशालीच्या दाराशी गौतमीची बाजू मांडणारा आनंद पुरुषच होता, हे त्यांनी विसरू नये.

बाबासाहेबांनी समाजाची प्रगती त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. राष्ट्रांच्या सभेलाही हेच माप लावावे, असे आमचे नम्र पण ठाम मत आहे. तापमान किती अंशांनी वाढू द्यावे याचा निर्णय करणाऱ्या सभेने आपल्या आसनांवर कोण बसले आहे याकडे एकदा पाहावे. रोहिणीच्या पाण्याचा निर्णय गौतमीला घरी ऐकावा लागला. उल्हासच्या पाण्याचा निर्णय आमच्या लेकींना तसा ऐकावा लागू नये. तो करणाऱ्यांत त्या असाव्यात.